नऊ वर्षांचा भाचा विचारतो "देव माझ्यावर चिडलाय का?" काय सांगायचं?

कोरेगावची_मावशी

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, चुकीच्या विभागात पडलं असेल तर अ‍ॅडमिननी हलवा.

माझ्या ताईचा मुलगा, नऊ वर्षांचा, ब्लड कॅन्सर. दोन वर्षं ट्रीटमेंट झाली, मधे बरा होता, शाळेतपण जायला लागला होता, आणि दिवाळीनंतर परत उलटलं. डॉक्टरांनी ताई-भावजींना बसवून नीट सांगितलं की आता केमोने नुसता त्रासच वाढेल, पॅलिएटिव्हवर (म्हणजे आजार बरा करायला नाही, त्रास कमी करायला उपचार) ठेवू, घरी न्या. मॉर्फिन कधी, उलटी झाली तर काय, ताप चढला तर कुणाला फोन, सगळं कागदावर लिहून दिलंय. त्याबद्दल काहीच म्हणणं नाही.

पण परवा रात्री मी त्याचे पाय चेपत बसले होते तर एकदम म्हणाला, मावशी देव माझ्यावर चिडलाय का गं? माझ्या पोटात गोळाच आला, मी म्हटलं छे रे काहीतरीच, झोप आता. तो भिंतीकडे तोंड करून झोपला, झोपला म्हणजे झोपला नव्हता, मला कळत होतं.

आणि एक, त्याची कॉट हॉलमधे देवघरासमोर होती, तिथे झोपायचंच नाही म्हणतो, रडतो. आईला (म्हणजे त्याच्या आजीला) ते फार लागलंय. तिने तुळजापूरला नवस बोललाय, ताई सोमवार आणि गुरुवार दोन्ही धरते, शेजारच्या काकू येऊन त्याच्यासमोरच "मागच्या जन्मीचं भोग" वगैरे बोलून जातात. ह्या सगळ्यात त्या पोराच्या डोक्यात काय चाललंय कुणालाच माहीत नाही. औषधांचं सांगणारे आहेत, हे कुणाला विचारायचं?

निवृत्त_सिस्टर

अगं ताई, बरं झालं विचारलंस. मी बावीस वर्षं मुंबईत लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात होते, हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की मोजदाद नाही. शब्द वेगळे असतात. कुणी विचारतं मीच का, कुणी विचारतं मी काय केलं. बिहारहून आलेला एक सहा वर्षांचा मला म्हणायचा, सिस्टर इंजेक्शन ही शिक्षा आहे ना, मग कधी संपणार ते सांगा.

आधी कॉटचं. आजोबा किंवा घरातलं कुणी गेलं तेव्हा त्याला "देवाघरी गेले" असं सांगितलं होतंत का? बहुतेक हो, आपण सगळेच सांगतो. आता पोराच्या बाजूने बघ. देवाघरी गेलेलं माणूस परत येत नाही आणि त्याची कॉट देवघरासमोर! मोठ्यांना देवघर आणि देवाघर ह्यातला फरक कळतो. मी एक मुलगी बघितलीय, आई वॉर्डात गणपतीचा फोटो उशाशी ठेवायची आणि ती रात्री तो उलटा करायची. कॉट हलवा बिनधास्त, देव काही रागावत नाही, आजीला मी सांगितलं म्हणून सांग.

आता प्रश्नाचं. "छे रे झोप" म्हटलंस त्यात तुझी चूक नाही, आम्हीपण सुरवातीला तेच करायचो. पण मुलाला त्यातून एवढंच कळतं की हे बोलायचं नाही. परत विचारेल, बहुतेक रात्रीच विचारेल, तेव्हा उत्तर देऊ नकोस, उलट विचार, "तुला असं कशावरून वाटलं रे?" आणि मग गप्प बस. ते गप्प बसणं फार अवघड असतं. पण नव्वद टक्के वेळा (माझा अंदाज हो, कागदावरचा आकडा नाही) आतून एखादी बारकीशी गोष्ट निघते, कुणाला तरी मारलेलं, खोटं बोललेलं. पोरं आजाराचं कारण स्वतःतच शोधतात, आणि त्यात काकू मागचा जन्म घेऊन येतात. काकूंना अंगणातच चहा द्या.

नवसाला माझा विरोध नाही, आजीलापण धरायला काहीतरी पाहिजे. फक्त "बरा झालास की आपण पायी जायचं हं" हे त्याला ऐकवू नका. मग नवस फेडायची जबाबदारी त्याची होते आणि अंगात तर जीव नसतो. आणि ताईने त्याच्यासमोर उपाशी राहू नये, मुलं त्याचापण हिशोब ठेवतात.

कडू_कारलं

राग मानू नका पण ह्यात देव आणायचाच कशाला? माझा ह्या असल्या "आध्यात्मिक गरज" प्रकरणावर विश्वास नाही, ह्याच फटीतून बाबा-बुवा घरात शिरतात आणि अंगारे-धुपारे देऊन मॉर्फिन बंद करायला लावतात, आमच्या नात्यात डोळ्यांनी बघितलंय. मुलाला दुखत नाहीये ना एवढं बघा, बाकी नऊ वर्षांच्या मुलाला कसलं आलंय अध्यात्म.

निवृत्त_सिस्टर

कारलं, दुखण्याचं शंभर टक्के मान्य. हाडं ठणकत असताना कुणी विचार करत नाही, नुसतं सहन करतं. वेळच्या वेळी डोस, दुखायला लागायची वाट बघायची नाही, आणि "सवय लागेल" ही भीती डोक्यातून काढायची, हे आधी. बुवाला दारातच थांबवायचं हेपण मान्य.

पण अध्यात्म म्हणजे देवपूजा असं तुम्ही धरलंत, मी नाही धरत. सिसिली साँडर्स बाईंनी १९६७ मधे लंडनला सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस काढलं, म्हणजे बरं न होणाऱ्या पेशंटना शेवटपर्यंत सांभाळायची जागा, त्या टोटल पेन म्हणायच्या, म्हणजे शरीराचं, मनाचं, घरादाराचं आणि हे चौथं, सगळं एकमेकांत गुंतलेलं. डब्ल्यूएचओने १९९८ साली मुलांच्या पॅलिएटिव्हची व्याख्या केली त्यातही शरीर, मन आणि आत्मा तिन्ही आहेत. तुम्हाला आत्मा शब्द चालत नसेल तर सोडून द्या. आमच्याकडे एक बारा वर्षांचा होता, देवाचं नावसुद्धा घ्यायचा नाही. त्याने एक दिवस मला विचारलं, मी गेल्यावर माझ्या कंपासपेटीचं काय करणार? मग आम्ही दोघांनी बसून यादी केली, पेटी धाकट्या भावाला, गोट्या बाजूच्या बेडवरच्याला, आणि खोडरबर मला, कारण मी चार्टमधे फार खाडाखोड करते म्हणे. यादी झाल्यावर तो कितीतरी दिवसांनी शांत झोपला. हे कशात बसवायचं तुम्हीच सांगा.

कडू_कारलं

बसवत नाही कशातच. वाचलं.

एक_बाबा

लिहू की नको करत होतो. माझी मुलगी अकरा वर्षांची असताना गेली, चार वर्षं झाली. मी शेवटपर्यंत तिला सांगत राहिलो की तू बरी होणार, जूनला सहावीत जायचंय, मी नवीन दप्तरसुद्धा आणलं. ती हो बाबा म्हणायची. नंतर वॉर्डातल्या मावशींकडून कळलं की तिला सगळं माहीत होतं, त्यांना तिने सांगितलं होतं की बाबांना सांगू नका, बाबा रडतात. म्हणजे मला वाटत होतं मी तिला सांभाळतोय आणि ती मला सांभाळत होती. तिला एकटीला काय काय वाटलं असेल हे मला कधीच कळणार नाही. दप्तर अजून माळ्यावर आहे. मावशीताई, तो तुम्हाला विचारतोय ना, तुम्हाला निवडलंय त्याने. बाकी मला काही सांगता येत नाही.

समाजकार्य_पुणे

बाबा, तुमच्या पोस्टनंतर आकडे सांगणं बरं वाटत नाही पण मावशीताईंच्या घरी दाखवायला उपयोगी पडेल म्हणून सांगते. स्वीडनमधला अभ्यास आहे, २००४ साली आला, कॅन्सरने मूल गेलेल्या आईवडिलांना विचारलं की मुलाशी मरणाबद्दल बोललात का. बोललेले १४७ होते, त्यातल्या एकालाही बोलल्याचा पश्चात्ताप नव्हता. न बोललेल्या २५८ पैकी ६९ जणांना होता, आणि मुलाला कळलंय असं ज्यांना आतून जाणवत होतं त्यांच्यात तो जास्त. आता स्वीडन वेगळं, तिथे कॉटभोवती आत्या-काकू-आजी अशी आठ माणसं नसतात, आणि कुणीही धरून बसवून "तू जाणार" असं सांगायचंय असा ह्याचा अर्थ नाहीच. त्याने दार उघडलं तर आपण लावून घ्यायचं नाही, एवढंच मी त्यातून घेते.

सातारा बाजूला असाल तर पुण्यात वारज्याला सिपलाचं पॅलिएटिव्ह सेंटर आहे, १९९७ पासून, कॅन्सरच्या पेशंटकडून पैसे घेत नाहीत, घरच्यांनाही सोबत राहता येतं. ठेवायचं नसेल तरी फोन करून बोला. समुपदेशक घरातल्या मोठ्यांशीपण बोलतात, आणि बऱ्याचदा आधी मोठ्यांचीच गरज असते.

कोरेगावची_मावशी

सगळ्यांचे आभार, उशीर झाला, मधे दोन रात्री वाईट गेल्या. बाबा, तुमची पोस्ट ताईला वाचून दाखवली, ती नंतर बराच वेळ अंगणात बसून होती.

कॉट खिडकीशी नेली. आजोबांच्या वेळी आम्ही खरंच देवाघरी म्हणालो होतो, सिस्टर. आणि काल रात्री त्याने परत विचारलं. मी म्हटलं तुला कशावरून वाटलं, आणि तुम्ही सांगितल्यासारखी गप्प बसले, बाहेर कुत्री भुंकत होती तेवढाच आवाज. मग म्हणाला, गणपतीत नैवेद्य दाखवायच्या आधी मी एक मोदक खाल्ला होता, स्वयंपाकघरात कुणी नव्हतं तेव्हा, आणि मग दिवाळीनंतर ताप आला. दोन-तीन महिने पोरगं हे घेऊन बसलं होतं हो.

मला काही सुचेना. आई दारात उभी होती, तिने ऐकलं. आमची आई म्हणजे सोवळ्यात स्वयंपाक करणारी, मला वाटलं आता काय बोलते कोण जाणे. ती येऊन कॉटवर बसली आणि म्हणाली, एकच? मी तुझ्याएवढी होते तेव्हा तीन खाल्ले होते, आणि पाकळ्या मोडल्या म्हणून उंदराचं नाव सांगितलं. तो इतका हसला की खोकला आला. मग विचारलं, देव चिडला का तुझ्यावर? आई म्हणाली चिडला असता तर मला तू मिळाला असतास का.

आज सकाळी त्याने मोदक मागितला. आईने सोवळं वगैरे सोडून नारळ खवला, उकड काढली, पहिला त्याच्याच हातात दिला. अर्धा खाल्ला, अर्धा खिडकीत ठेवलाय, कुणासाठी ते सांगत नाही.

सिस्टर एक विचारायचं राहिलं, धाकटी पाच वर्षांची आहे, ती हल्ली त्याच्या खोलीत जायला बघते आणि आम्ही तिला लांब ठेवतो. जाऊ द्यायचं का?

निवृत्त_सिस्टर

सर्दी-खोकला नसेल, हात धुतले असतील तर जाऊ दे. आत्ताच जाऊ दे. आणि उरलेला मोदक तिच्यासाठी असेल, विचारून बघ.