एफवायबीएस्सीतला स्वमग्न विद्यार्थी : प्रॅक्टिकल आणि जादा वेळ

केमिस्ट्री_विभाग : माझ्या बॅचला एक स्वमग्न मुलगा आहे. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) आहे, अपंगत्व 50 टक्के. थिअरी पक्की, पण टायट्रेशनला (ब्युरेट या नळीतून अल्कली सोडत आम्लाचं प्रमाण काढायला) दोन तासांत एकच रीडिंग. बाजूला कुणी भांडं आपटलं की हातच थांबतो. युनिव्हर्सिटी परीक्षेत जादा वेळ किती, आणि प्रॅक्टिकलला काय करावं?

परीक्षा_विभाग_निवृत्त : लेखनिक घेतला नाही तरी जादा वेळ मिळतो. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान 20 मिनिटं आहेत, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. अर्ज परीक्षा फॉर्मसोबतच द्या, सोबत प्रमाणपत्राची प्रत, आणि पोच घ्या. घोळ मंजुरीत कमी, परीक्षेच्या दिवशी जास्त होतो. सुपरवायझर बदलतो, दोनची घंटा झाली की पेपर ओढतो. म्हणून त्याच्या बाकावर सुटायची वेळ लिहिलेली सही-शिक्क्याची चिठ्ठी असू द्या. एकाच दिवशी 11 ते 2 आणि 3 ते 6 असे दोन पेपर असतील तर जादा तासात मधली सुट्टी संपते, जेवणही होत नाही. हे वेळापत्रक आलं त्याच दिवशी केंद्रप्रमुखांच्या कानावर घाला. खोली वेगळी मागा, पण जिन्याशेजारची नको.

लॅब_असिस्टंट_नाशिक : मॅडम, अडचण बहुधा हाताची नाही, सूचनेची आहे. ‘थेंबाथेंबाने घाला’ म्हटलं की तो पहिल्या मिलिलिटरपासून थेंब मोजत बसणार. त्याच्या कार्डावर आकडे द्या : पिपेटने 10 मिली आम्ल, फिनॉल्फथॅलिनचे (रंग बदलून दाखवणारा दर्शक) 2 थेंब. पहिलं रीडिंग अंदाजाचं, 1-1 मिली सोडत. ते समजा 10 च्या आसपास आलं, तर पुढच्या वेळी 9 पर्यंत सलग, मग थेंब. दोन रीडिंगमधला फरक 0.1 मिलीच्या आत आला की थांब. हा थांबा लिहिला नाही तर तो चौथं, पाचवंही घेईल.

‘फिकट गुलाबी’ हा शब्द तर सगळ्यांनाच फसवतो. एंड पॉइंटचा, म्हणजे जिथे थांबायचं त्या रंगाचा, नमुना फ्लास्क पांढऱ्या टाइलवर शेजारी ठेवा, बूच लावून. उघडा राहिला तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने रंग उडतो आणि मुलगा उडालेल्या रंगाशी ताडून पाहतो. जागा भिंतीकडची, कायम तीच. सिंक आणि फ्यूम हूडपासून (धूर ओढणाऱ्या कपाटापासून) लांब.

केमिस्ट्री_विभाग : नमुना फ्लास्क सुचलाच नव्हता. तोंडी परीक्षेचं काय? ‘बेरियमबद्दल सांग’ म्हटलं की गप्प.

समुपदेशक_पुणे : प्रश्नच मोघम आहे, कुठून सुरुवात करायची ते त्याला कळत नाही. ‘सल्फेटच्या चाचणीत बेरियम क्लोराइड का वापरतात?’ असं विचारा, म्हणजे उत्तर येईल. मनात दहापर्यंत मोजा, तोवर तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारू नका, त्याला तो दुसरा प्रश्न वाटतो. डोळ्यांत बघत नाही म्हणून गुण कापू नका, हे बाहेरच्या परीक्षकांना आधीच सांगा, मुलाची आणि पालकांची संमती घेऊन. आणि बॅच किंवा खोली बदलली तर ग्रुपवर टाकून भागणार नाही, दीडशे मेसेजांत ते हरवतं. त्याला वेगळा मेसेज करा : तारीख, वेळ, खोली क्रमांक. बस.

लॅब_असिस्टंट_नाशिक : काचेचा खणखणाट कमी करायला ओट्यावर रबरी शीट अंथरा. हेडफोन नको, बर्नरजवळ हाक ऐकू यायला हवी.