सातवीतल्या मुलाच्या नोकरीचा विचार आत्तापासून?

सप्रेम नमस्कार,

आम्ही न्यू जर्सीत राहतो. आमचा मुलगा स्वमग्न असून सातवीत आहे. येत्या शालेय वर्षात तो चौदा पूर्ण करील, म्हणून या वेळच्या आयईपी (विशेष शिक्षण घेणाऱ्या मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा) बैठकीत त्याच्या भावी नोकरीविषयीही बोलू, असे शाळेने कळवले आहे. ज्याला अजून स्वतःचा डबा भरता येत नाही, त्याच्या नोकरीचे काय बोलायचे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

— एक आई

ताई, सप्रेम नमस्कार.

शाळा घाई करीत नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने शाळेनंतरच्या आयुष्याचे हे नियोजन उशिरात उशिरा सोळाव्या वर्षी सुरू व्हावे लागते. न्यू जर्सीने ती मर्यादा चौदावर आणली आहे. या चर्चेला विद्यार्थ्याला बोलावणे शाळेवर बंधनकारक आहे, आणि आपली मंडळी नेमकी इथेच ‘त्याला काय कळणार’ म्हणून मुलाला घरी ठेवतात. त्याला जरूर न्या. पूर्ण बैठक झेपणार नसेल, तर सुरुवातीची पाच मिनिटे बसून काय आवडते, काय जड जाते आणि कोणती मदत लागते, एवढे त्याने चित्रांतून किंवा टॅब्लेटवरून सांगितले तरी पुष्कळ झाले.

डब्याचे म्हणाल, तर माझ्या मते तेच उद्दिष्ट आयईपीत लिहून घ्यावे. पोळी, भाजी, चमचा, पाण्याची बाटली अशी चित्रांची यादी फ्रिजवर लावा, प्रत्येक वस्तू भरल्यावर त्याला खूण करू द्या, आणि (हे आपल्या आयांना सर्वांत अवघड जाते) स्वतः स्वयंपाकघराबाहेर थांबा. काही सापडले नाही की त्याने येऊन विचारले पाहिजे, कारण काम अडल्यावर विचारता न आल्यामुळे हुशार मुलांच्याही नोकऱ्या जातात.

२०१४च्या कायद्यानुसार राज्यांना व्यावसायिक पुनर्वसनाच्या (अपंगांना नोकरीसाठी मदत करण्याच्या) केंद्रीय निधीपैकी किमान १५ टक्के रक्कम अपंग विद्यार्थ्यांच्या नोकरीपूर्व तयारीसाठी राखून ठेवावी लागते. त्यात कामांची ओळख, प्रत्यक्ष अनुभव आणि स्वतःची बाजू मांडण्याचे शिक्षण येते. ही सेवा केव्हापासून मिळेल, हे बैठकीत विचारा. मागायला संकोच नको.

पुढची एक गोष्ट आजच टिपून ठेवा: हायस्कूल पूर्ण केल्याचा नियमित डिप्लोमा (शालान्त प्रमाणपत्र) स्वीकारला की विशेष शिक्षणाचा हक्क संपतो. त्यामुळे बरोबरीच्या मुलांसोबत पदवीदान समारंभात टोपी घालून मिरवण्याच्या हौसेपायी डिप्लोमा घेण्याचा निर्णय करू नये.

कामाची सवय लागावी म्हणून गणेशोत्सवात प्रसादाच्या टेबलावर द्रोण मांडायला त्याला पाठवा. देखरेख मात्र तुमच्याऐवजी दुसऱ्या स्वयंसेवकाने करावी.

— एक निवृत्त विशेष शिक्षिका