व्हर्च्युअल मशीनमध्ये तुटणारी जोडणी: आधी केबलची वाट तपासावी
असे एक मत मांडले जाते की गाडीतील दोष तपासणारे डायग्नोस्टिक सॉफ्टवेअर व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेल्या दुसऱ्या संगणकात) सुरू होते, पण ईसीयूशी (गाडीतील नियंत्रक संगणकाशी) जोडणी मध्येच तुटते, त्यामुळे जुना लॅपटॉप बाळगण्यावाचून गत्यंतर नाही. हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो, कारण दोष बहुतेकदा सॉफ्टवेअरचा नसून गाडी आणि संगणक जोडणाऱ्या केबलच्या यूएसबी वाटेचा असतो.

केबलमध्ये एफटीडीआय कंपनीची यूएसबी-सीरियल चिप असेल, तर तिच्या ड्रायव्हरचा लेटन्सी टायमर (आलेला थोडासा डेटा पुढे पाठवण्यापूर्वी थांबण्याचा वेळ) मुळात 16 मिलिसेकंदांवर असतो. 10,400 बॉड वेगाच्या के-लाइनवर (जुन्या गाड्यांतील तपासणीच्या एकतारी जोडणीवर) संवादाच्या वेळा काटेकोर असतात, आणि या विलंबात व्हर्च्युअलायझेशनचा विलंब मिसळला की ईसीयूचे उत्तर सॉफ्टवेअरपर्यंत उशिरा पोहोचून संवाद तुटू शकतो. गेस्ट विंडोजच्या (व्हर्च्युअल मशीनमधील विंडोजच्या) डिव्हाइस मॅनेजरमध्ये, त्या कॉम पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये, हा आकडा 1 करून पाहावा. शिवाय केबल नुसता सीरियल पोर्ट म्हणून न देता अख्खे यूएसबी उपकरण म्हणूनच गेस्टकडे सोपवावी. व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तिच्यासाठी यूएसबी फिल्टर करून ठेवला, तर केबल काढून पुन्हा लावल्यावर ती आपोआप गेस्टकडे जाते. के-लाइनऐवजी कॅन या नव्या, वेगवान जोडणीवर चालणाऱ्या गाड्यांत ही अडचण सहसा कमी जाणवते.

ईसीयूचे फ्लॅशिंग (त्यातील प्रोग्रॅम नव्याने लिहिणे) मात्र व्हर्च्युअल मशीनमधून मुळीच करू नये, असे माझे ठाम मत आहे. फॉल्ट कोड वाचताना जोडणी तुटली तर ती पुन्हा करता येते. पण लिहिताना होस्ट (मूळ संगणक) स्लीपमध्ये गेला, तर ईसीयू निकामी होऊ शकतो आणि स्नॅपशॉटने (व्हर्च्युअल मशीनच्या जतन केलेल्या आधीच्या स्थितीने) तो पूर्ववत होत नाही. तेवढ्या कामासाठी वेगळा लॅपटॉप जरूर ठेवावा.