पंथाविना ख्रिस्ती राहता येते का?

मूळ मत : नागपाड्याचा रहिवासी

माझा बाप्तिस्मा झालेला आहे, रोज शास्त्रवाचन आणि प्रार्थना होते. तरीही मी स्वतःला कोणत्याही पंथाचा म्हणवून घेत नाही, आणि त्यात काही उणे आहे असे मला वाटत नाही. आपल्यासारख्या प्रॉटेस्टंट घराण्यांचा पंथ कसा ठरला, हे एकदा तपासून पाहावे. एकोणिसाव्या शतकात मिशनांनी कार्यक्षेत्रे वाटून घेतली होती. त्यामुळे ज्याचे पूर्वज नगरकडचे तो अमेरिकन मराठी मिशनचा, म्हणजे काँग्रिगेशनल (प्रत्येक स्थानिक चर्च आपला कारभार आपणच पाहते असे मानणाऱ्या पंथाचा), आणि ज्याचे नाशिकजवळच्या शरणपूरचे तो चर्च मिशनरी सोसायटीचा, म्हणजे अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेचा) झाला. पुढे मुंबईत पोटापाण्यासाठी आलेल्या माणसाने तोच पंथ ट्रंकेतल्या कपड्यांसारखा बरोबर आणला. इंग्लंड-अमेरिकेतल्या जुन्या भांडणांचा वारसा मी का चालवावा? 'मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा' म्हणत गट पाडणाऱ्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना प्रेषित पौलाने पत्रातून खडसावले होतेच.

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा केला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा दिली. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली अँग्लिकन चर्चमध्ये झाला, पण केडगावचे मुक्ती मिशन त्यांनी कोणत्याही एका पंथाच्या दावणीला बांधले नाही. या दोघांचा आपल्याला अभिमान. मग त्याच वाटेने जाणाऱ्या साध्या माणसाला 'भटके मेंढरू' का म्हणायचे?

प्रतिसाद : पाळकपुत्र, भायखळा

आपली दोन्ही उदाहरणे आपल्यावरच उलटतात. टिळकांनी मिशन सोडले ते घरी एकटे बसण्यासाठी नव्हे. त्यांनी दुसरा समुदाय उभारला. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि दरबार पुढे फार टिकला नाही, कारण त्याचा सारा भार एका माणसावर होता. केडगावात तर शेकडो स्त्रिया एकत्र प्रार्थना करीत असत.

इतिहासही आपण सोयीचा तेवढाच घेतला आहे. नगर जिल्ह्यात १८७० नंतर एस. पी. जी. हे अँग्लिकन मिशनही आले, अनेक कुटुंबे एकीकडून दुसरीकडे गेली आणि दोन्ही मिशनांत त्यावरून कुरबुरी झाल्या. त्यामागची कारणे नेहमी आध्यात्मिक नव्हती हे मान्य. पण निवड नव्हतीच, असे म्हणता येत नाही. आणि ज्या भांडणाचा वारसा आपण नाकारता, ते मिटवण्यासाठी १९२९ पासून वाटाघाटी चालल्या व १९७० साली नागपुरात सहा चर्चे मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. बाहेर उभे राहून हे काम झाले नसते.

प्रतिसाद : नागपाड्याचा रहिवासी

अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट त्या ऐक्यातून अखेरीस बाहेरच राहिले, आणि आज चर्चच्या नावाने वर्तमानपत्रांत जे छापून येते ते बहुतांशी जमिनींच्या खटल्यांचे असते, हेही लिहायला हवे होते.

प्रतिसाद : अंधेरीची वाचक

पंथ नको म्हणणाऱ्यांचाही पंथच होतो, हे मी जवळून पाहिले आहे. उपनगरातल्या एका 'पंथविरहित' संगतीत मी जात असे. भाड्याचा हॉल, उत्तम गायन, मनापासून केलेल्या प्रार्थना. यांपैकी काहीही खोटे नव्हते. मात्र ट्रस्टवर पास्टर, त्यांची पत्नी आणि मेहुणे. दशांशाचा, म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याच्या दानाचा, हिशेब विचारला, तेव्हा 'देवाच्या अभिषिक्ताविरुद्ध बोलू नये' एवढेच उत्तर मिळाले. जुन्या मंडळीत, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीची निवडणूक होते, आणि वार्षिक सभेत खजिनदाराला चहाच्या खर्चावरूनही लोक धारेवर धरतात. ते दृश्य अजिबात पवित्र नसते, पण मला तेच अधिक सुरक्षित वाटते.

प्रतिसाद : माहीमचा कॅथलिक

आमच्याकडे बाप्तिस्म्यानेच माणूस चर्चचा होतो, त्यामुळे हा वाद मुळात प्रॉटेस्टंटांचा आहे. एक व्यावहारिक शंका मात्र आहे : आपल्या घरी कोणी गेले, तर दफनासाठी पाळकाची (चर्चच्या धर्मगुरूची) चिठ्ठी कोणाकडून आणणार?

प्रतिसाद : नागपाड्याचा रहिवासी

लग्नाची अडचण नाही. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात विवाह निबंधकाची सोय आहे. दफनाचा प्रश्न खरा आहे. त्यासाठीच, आणि आईच्या आग्रहाखातर, तिच्या मंडळीची वर्गणी मी अजून भरतो.

प्रतिसाद : पाळकपुत्र, भायखळा

म्हणजे सभासदांच्या यादीत आपले नाव आहे. मग वार्षिक सभेला या आणि ते जमिनींचे प्रश्न तिथेच विचारा; वर्गणी भरणाऱ्याला आम्ही बोलू देतो.