स्टिरिओ भंगारात देऊ नका
ब्लूटूथ नाही म्हणून वडिलांचा स्टिरिओ भंगारात द्यायचा म्हणताय? अहो, थांबा! मागे 'ऑक्स' किंवा 'टेप इन' लिहिलेली लाल-पांढरी सॉकेटं असतील, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून छोटा ब्लूटूथ रिसीव्हर आणि आरसीए केबल (लाल-पांढऱ्या पिनांची) आणा, काम झालं. फक्त 'फोनो'त पिन खुपसू नका. ती जागा रेकॉर्ड प्लेअरच्या अगदी क्षीण सिग्नलसाठी असते. तिथे तो कित्येक पटींनी वाढवला जातो, शिवाय बास मुद्दाम उचललेला असतो. मी हा उद्योग केलाय. आवाज असा फाटला की शेजारच्या काकू दारात! घूंऽऽ ऐकू आलं तर रिसीव्हर पॉवर बँकेवर लावून बघा, बहुतेकदा चार्जरचाच दोष असतो. आमच्या दादरच्या घरात भिंती जाड, फोन स्वयंपाकघरात नेला की गाणं तुटतं. तसं असेल तर वाय-फायवाला स्ट्रीमर, म्हणजे घरच्या वाय-फायवरून गाणी वाजवणारा डबा, बरा. महाग पडतो पण.