मदत हवी आहे: मार्चच्या ओल्या बर्फात स्कीखाली गोळे

रविवारी क्लबबरोबर गॅटिनो पार्कात (कॅनडात, ओटावाजवळ) १५ किमी क्रॉस-कंट्री स्कीइंग (सपाट-चढउताराच्या वाटांवरून स्कीवर चालत-घसरत जाणं) आहे. सकाळी उणे ६, दुपारी अधिक ४. माझ्या स्की बिनवॅक्सच्या, म्हणजे पकडीसाठी वॅक्स (मेण) न लागणाऱ्या, पायाखाली खवल्यांसारख्या खाचा असलेल्या. गेल्या खेपेस उन्हातून सावलीत शिरलं की खाचांना लाडूएवढा बर्फ चिकटायचा. घसरणं बंद, नुसती उंच टाचांची चाल! टोकांना ग्लाइड वॅक्स (घसरायला मदत करणारं मेण) लावलंय, खरवडूनही पाहिलं; दहा मिनिटांत पुन्हा तेच. स्नोशू (बर्फावर चालायचे रुंद तळाचे जोडे) आहेत, पण ते घालून तिथल्या स्कीच्या वाटांवर जायला मनाई. वॅक्स वितळवून लावायची इस्त्री नाही, नव्या स्की घेणार नाही. खाचांवरही पातळ वॅक्स लावू का? लावलं तर चढावर पकड राहील का, आणि वाटेत किती वेळाने पुन्हा लावावं लागतं?