विंडोज १० बंद झालं. डीटीपीचं दुकान लिनक्सवर न्यायचं का?

महाल_डीटीपी

टायपिंग-डीटीपीच्या दुकानात सहा कॉम्प्युटर आहेत. इंटेलच्या चौथ्या ते सातव्या पिढीचे, ८ जीबी रॅम, एसएसडी बसवलेली. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि विंडोज ११ या प्रोसेसरांना घेत नाही. कोर्टाचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं वर्डमध्ये होतात, लग्नपत्रिका आणि पॅम्फ्लेट कोरलमध्ये (चित्र-मांडणीचा विकतचा प्रोग्राम, कोरलड्रॉ). मराठी सगळी श्रीलिपी आणि कृतिदेव या जुन्या फॉन्टांत, एका मशीनवर टॅली (हिशेबाचा प्रोग्राम), प्रिंटर कॅनन एलबीपी २९००. दुकानात दोन तट पडून राहिले आहेत. एक म्हणतो सगळं लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली) आणि लिब्रेऑफिस (वर्डसारखा मोफत प्रोग्राम) करा. दुसरा म्हणतो, फुकटच्या नादात गिऱ्हाईक जाईल, नवीन मशीन आणि सबस्क्रिप्शन घ्या. नेमकं काय हलतं, काय नाही, आणि सुरुवात कुठून करायची?

मुक्तस्रोत_धरमपेठ

भाऊ, लिनक्सचं नाव काढण्याआधी फॉन्टचं बघा. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या फाइलीत मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. इंग्रजी अक्षरांचे क्रमांक असतात आणि फॉन्ट त्यांवर मराठी आकार चढवतो. फॉन्ट गेला की मजकुराचा कचरा होतो, मग मशीनवर विंडोज असो की लिनक्स. म्हणजे ही अडचण तुमच्या डोक्यावर आजही आहेच.

युनिकोडमध्ये (तिथे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो) बदलताना अख्खी फाइल कन्व्हर्टरमध्ये टाकू नका. मधले इंग्रजी शब्द आणि सर्व्हे नंबर बिघडतात. लिब्रेऑफिसच्या ‘शोधा आणि बदला’मध्ये फॉन्टवरून शोधा, जुन्या फॉन्टचा मजकूर तेवढा निवडून बदला. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर साठवतात. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा, आणि कन्व्हर्टर चुकतात ते इथेच. ‘आर्थिक’, ‘शर्तींवर’, ‘दुसऱ्या’ हे शब्द आधी तपासा. ‘दुसऱ्या’ची तर जास्त काळजी घ्या. तो दोन तऱ्हांनी साठवता येतो, ऱ वापरून किंवा र् नंतर अदृश्य जोडचिन्ह टाकून. दिसायला दोन्ही सारखे, पण एक शोधला तर दुसरा सापडत नाही. एकच पद्धत ठरवा आणि सगळीकडे तीच करून घ्या.

नवा फॉन्ट दोन्हीकडे चालणारा, खुल्या परवान्याचा घ्या. नोटो किंवा मुक्त चांगले आहेत. मंगल घेऊ नका, तो विंडोजसोबत येतो, लिनक्समध्ये नसतो. लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली नाही तर नोटोसारख्या फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात. अर्जावर ते लगेच डोळ्यात भरतं.

इतवारी_प्रेस

टायपिंगपुरतं वरचं मान्य. कोरलचं मान्य नाही, आणि तिथंच तर दुकानाचं पोट आहे. इंकस्केप (कोरलसारखा मोफत प्रोग्राम) कोरलची सीडीआर फाइल उघडतं खरं, पण लेन्स, काँटूर हे कोरलचे इफेक्ट, वळणावर बसवलेली अक्षरं जागेवर राहतीलच असं नाही. नव्या आवृत्तीची फाइल तर कधी उघडतही नाही. त्याहून मोठा घोळ रंगांचा. इंकस्केप आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत, काम करतं. तिथलं काळं ऑफसेट छपाईला गेलं की चार शाईंत विभागलं जातं. प्लेट केसभर जरी सरकली तरी बारीक अक्षराला रंगीत कड दिसते आणि पत्रिकेतला पत्ता वाचवत नाही. मजकुराचं काळं फक्त काळ्या शाईत, शंभर टक्के हवं. स्क्राइबस (पानं मांडायचा मोफत प्रोग्राम) सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंची, पीडीएफ नीट देतं, पण बहुतेक प्रेसवाले अजून कर्व्हज केलेली (अक्षरांचे नुसते आकार करून टाकलेली) सीडीआर मागतात. हे प्रचार करणाऱ्यांनी समजून घ्यावं. गिऱ्हाईक तत्त्वं विकत घेत नाही, उद्या सकाळी पत्रिका मागतं.

मुक्तस्रोत_धरमपेठ

कोरल ठेवाच, त्यावर वाद नाही. पण ते विकतचं असेल तरच हिशेब खरा. क्रॅक कॉपी शून्य रुपयांची धरायची आणि लिब्रेऑफिसलाही शून्यच म्हणायचं, ही तुलना खोटी. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ बी प्रमाणे प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. सहा मशीनवर क्रॅक कॉपी ठेवण्यापेक्षा एकावर परवान्याचं कोरल बरं. आणि फुकट म्हणून लिब्रेऑफिस घ्या असं मी म्हणतच नाही. ओडीएफ ही लिब्रेऑफिसची फाइल-पद्धत २००६ पासून आयएसओचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्याची रचना छापील आणि सगळ्यांना खुली. आज केलेला दस्त वीस वर्षांनी कोणत्या कंपनीला न विचारता उघडता आला पाहिजे.

बर्डी_हार्डवेअर

क्रम असा धरा. लिब्रेऑफिस विंडोजवरही चालतं. म्हणून आधी आहे त्याच विंडोजवर बसवा आणि महिनाभर रोजचे अर्ज त्यातच करा. पानं सरकतात का ते इथंच कळेल. कॅलिब्रीऐवजी कार्लिटो आणि टाइम्स न्यू रोमनऐवजी लिबरेशन सेरिफ घेतला तर अक्षरांची रुंदी तीच राहते, अनुक्रमणिकेतले पान नंबर हलत नाहीत. वर्डच्या नव्या ॲप्टॉसला असा जोडीदार नाही, वकिलाकडून त्या फॉन्टची फाइल आली तर ओळी तुटणारच. बाहेर देताना पीडीएफच द्या.

मग चार मशीनवर मिंट ही लिनक्सची आवृत्ती. आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह (न बसवता) चालवून स्कॅनर आणि वायफाय बघा, डिस्कला हात नंतर. टायपिंगला आयबस आणि एम१७एन (मराठी टाइप करायची साधनं) बसवा, मराठी इनस्क्रिप्ट कळफलक त्यात आहे. हात जुन्या टाइपरायटरच्या रेमिंग्टन कळफलकावर बसलेला असेल तर त्याच टायपिस्टकडून आधी एक पान काढून घ्या, काही कळा इकडेतिकडे असतात.

उरलेली दोन विंडोजची. एक कोरलला, एक टॅली आणि डिजिटल सहीच्या टोकनला. विंडोज १० च ठेवायचं तर वाढीव सुरक्षा अपडेटला नाव नोंदवा, ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. तेवढ्या वेळात त्या दोन जागी नवी मशीन घ्या, सहाही बदलायची गरज नाही.

एलबीपी २९०० ला कॅप्ट नावाची कॅननची स्वतःची भाषा लागते, पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट या नेहमीच्या प्रिंटर-भाषा त्याला कळत नाहीत. लिनक्सचा ड्रायव्हर जुना आहे, नव्या मिंटवर त्याच्या मागं लागू नका. विंडोजवरून प्रिंटर शेअर करूनही भागत नाही, कारण पाठवणाऱ्या मशीनवरही तोच ड्रायव्हर लागतो. सामाईक फोल्डर करा, लिनक्सवरून पीडीएफ त्यात टाका आणि विंडोजवर बसलेल्यानं छापा. पुढचा प्रिंटर मात्र पोस्टस्क्रिप्ट किंवा एअरप्रिंट (वेगळ्या ड्रायव्हरशिवाय छापायची सोय) बघूनच घ्या.

कोरलची आवृत्ती कोणती, आणि तुमचा प्रेसवाला पीडीएफ घेतो का, ते लिहा. घेत असेल तर पॅम्फ्लेटचं साधं काम स्क्राइबसवर नेता येईल.